समोर बसणारी अकाइती

अकाइती,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी तोंड उघडलं की तू गावच्या बातम्या सुरू करतेस, आणि मुद्द्याचं तेवढं राहून जातं. म्हणून हे कागदावर. कागदाला मध्येच तोडता येत नाही. ही तुझीच गोष्ट आहे, पण तुला सारखं 'तू, तू' म्हणत राहिले तर ओळीओळीला मान हलवून 'असं नव्हतंच हो, बाई' म्हणशील. तेव्हा तुला मी तिसरीच कुणीतरी करून टाकते. आणि स्वतःलाही. ह्या गोष्टीत तेपाएरू नावाची एक म्हातारी मास्तरीण आहे. ती मीच, पण तिची बाजू मी घेणार नाही. एकोणऐंशीव्या वर्षी स्वतःची बाजू घेत बसायला वेळ कुणाला आहे?

तर ऐक.

मांगाइआ बेटाच्या तिन्ही गावांत अकाइतीसारखा टाका कुणाचा नव्हता. बायकांच्या मंडळात तिवाएवाएची चादर शिवायला अंथरली की बाकीच्या आधी बघायच्या, अकाइती कुठे बसते, आणि मग तिच्या शेजारची जागा टाळायच्या. शेजारी बसलं की आपला टाका उघडा पडतो. पांढऱ्या चादरीवर रंगीत कापडाची नक्षी, आणि नक्षीच्या कडेकडेनं तिचे टाके असे, की कापड शिवलंय की उगवलंय ते कळू नये.

नक्षी मात्र कापायची तेपाएरू. रारोटोंगाला कॉलेज करून आलेली, गावातल्या निम्म्या लोकांना लिहाय-वाचायला शिकवलेली शाळेतली बाई. अकाइती तिच्या पहिल्याच वर्गातली. मंडळाच्या हॉलमध्ये रंगीत कापडाची चौघडी जमिनीवर ठेवली जायची. एका बाजूला तेपाएरू कात्री घेऊन, समोर अकाइती चौघडी ताणून धरून. चारी पदर एकदम कापले जायचे आणि उलगडलं की चहूकडे सारखी नक्षी. कापणारी एक, शिवणाऱ्या दहा, आणि चादर ओळखली जायची ती कापणारीच्या नावानं. 'बाईंची जास्वंद', 'बाईंचा चाफा'. टाक्याला नाव नसतं.

एखादी नवी सून विचारायची, "अकाइतीकाकू, तुम्ही का नाही कापत?"

"माझं काम सुईचं," अकाइती म्हणायची. "कात्रीचा हात देवानं मला दिलाच नाही."

हे ती इतक्या समाधानानं म्हणायची की ऐकणाऱ्याला विनय वाटावा. विनय कसला! भीतीला न्हाऊमाखू घालून, टोपी घालून चर्चला नेलं की ती विनयासारखी दिसते, एवढंच.

त्या भीतीला कारण होतं. अकाइती तेवीस वर्षांची, नुकतं लग्न झालेलं. वर्षभर तेपाएरूच्या समोर बसून तिनं चौघडी धरली होती, कात्रीचं वळण न् वळण पाठ केलं होतं. एका सकाळी तेपाएरूला यायला उशीर झाला आणि अकाइतीला धीर धरवेना. लालभडक कापड होतं. तिनं घडी घातली, गुडघ्याशी धरली, गुडघ्याजवळच्या टोकापासून देठ काढला, पानं काढली आणि कापायला घेतलं. हात थरथरला नाही की वळण चुकलं नाही. मग सगळ्या बायकांसमोर उलगडलं, तर नक्षीऐवजी चार सुटी झुडपं हातात आली. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली.

बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शेजारची तुआइने तेव्हाही तितकीच वाह्यात होती. ती म्हणाली, "अकाइतीनं चार बेटं काढली! आता एकीकडून दुसरीकडे जायला होडी लागणार!" तेवढ्यात तेपाएरू दारात आली, जमिनीवरची चार झुडपं बघितली, आणि तीही हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती अकाइती स्वतः. घरी जाऊन सासूला म्हणाली, "मी पुन्हा कात्रीला हात लावायची नाही." सासूनं विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. तिनंच स्वतःला वर्गाबाहेर उभं केलं, आणि आत ये म्हणायला कुणी आलं नाही म्हणून अडतीस वर्षं तिथेच उभी राहिली.

तिला चार मुलं झाली. चौघांच्या लग्नात चार चादरी दिल्या. कापल्या तेपाएरूनं, शिवल्या अकाइतीनं. मुलांबरोबर त्या ऑकलंडला, सिडनीला निघून गेल्या.

मग तिच्या नवऱ्याची, नूरोआची, आत्या वारली. आत्याच्या खड्ड्यात रीतीप्रमाणे चादरी उतरवल्या. तळाशी एक, कडांना दोन, पेटीवर एक. पेटीवरची जुनी पिवळी चादर बघून बायका हळहळल्या, "बाईंचा चाफा! काय काम आहे बघा बाईंचं." त्या चाफ्यात अकाइतीचे तीन महिने गेले होते. धाकटा मुलगा पोटात असताना पाठ धरून धरून तिनं तो शिवला होता. तिला राग आला नाही, पण कपड्यांत वाळू जावी तसं काहीतरी आत गेलं. तिला वाटलं, उद्या माझ्यावर घालतील तेव्हाही हेच म्हणतील. साठ वर्षं ह्या बेटावर राहून मी अंगावर काय घेऊन जाणार, तर दुसऱ्याची कात्री!

त्या दिवसापासून तिला बसवेना. चर्चमध्ये सगळे बसले तरी ही उभी. अळूच्या खाचरात उतरली आणि अजून दोन महिने राहायला हवे होते ते कंद उपटून आणले. नूरोआ म्हणाला, "हे काय, पोरांच्या मुठीएवढे? अळू खायचंय की त्याचं बारसं करायचंय?"

"खायचं तर खा, नाहीतर गप्प बस," अकाइती म्हणाली.

त्यातच बातमी आली की तेपाएरूबाई कायमच्या ऑकलंडला मुलाकडे निघाल्या. गुडघे गेले होते, घरात एकटी होती. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारचं विमान. अकाइती त्याच दुपारी हिरव्या कापडाचा तागा काखेत मारून तिच्या घरी गेली.

"बाई, जाण्याआधी एक कापून द्या."

"कुणासाठी?"

"मलाच. माझ्या खड्ड्यासाठी."

तेपाएरूनं चष्मा वर केला. "आजारी आहेस?"

"छे! नूरोआला पोचवूनच जाणार मी. पण कापून ठेवावं म्हटलं. तुमच्यामागे कापणार कोण?"

"तूच काप."

"थट्टा करू नका, बाई."

"थट्टा करायला मला फुरसत आहे का? तीन पेट्या भरायच्या पडल्यात. तुझ्या अंगावर घालायची चादर, तूच काप. मी नाही कापणार."

"मला येत नाही."

"तुला येत नाही हे तुला कुणी सांगितलं?"

मग तेपाएरू शाळेत बोलायची तसं, फळ्यावर लिहिल्यासारखं बोलली. "टाका चुकला तर उसवता येतो. कापलेलं जोडता येत नाही. म्हणून तू सुईला चिकटून बसलीस. चादर बिघडली तर नाव माझं जाणार, तुझं नाही. फार सोयीची जागा धरलीस गं तू. उचल ते कापड."

"मी पहिलीत नाही आता, बाई," अकाइती म्हणाली. कापड उचलून ती निघाली ती वाटेत कुणाशी न बोलता थेट घरी.

नंतरचे नऊ दिवस घरात कुणाला सुख नव्हतं. बुधवारपर्यंत कापलं नाही, तर बाई गेल्यावर ते कापड तसंच कुजणार हे तिला कळत होतं. मग दुकानातलं एखादं कांबळं अंगावर घेऊन जा. आणि कापायला जावं, तर डोळ्यांसमोर ती चार झुडपं. सकाळी ती कोळशानं पाण्याच्या टाकीवर निरफणसाची पानं काढायची, दुपारी ओल्या फडक्यानं पुसायची. एकदा पुसायला विसरली तर तुआइने कुंपणावरून ओरडली, "अकाइती, टाकीला पालवी फुटली की काय?"

"तुझ्या जिभेला फुटली नाही म्हणजे मिळवली!"

"बाईंनी नाही म्हटलं म्हणे तुला. मग आता कोण, तू कापणार? होडी काढून ठेवू का?"

अकाइती आत गेली आणि दार आपटलं. मग मुलीनं ऑकलंडहून पाठवलेल्या खोक्यांमधली जुनी वर्तमानपत्रं बाहेर काढली. चार-चार पानं डिंकानं जोडून मोठा कागद केला, चौघडी घातली, जमिनीवर बसली आणि कापला. उलगडला. चार झुडपं. दुसरा कापला. चार झुडपं. तिला वाटलं, अडतीस वर्षांपूर्वी मी म्हटलं तेच खरं होतं. देवानं हात दिलाच नाही. चुलीत टाकावेत म्हणून तिनं कागद गोळा केले. नूरोआ दारात उभा होता. त्यातला एक तुकडा त्यानं उचलून उजेडात धरला.

"अगं, रग्बीचा निकाल होता ह्यात. अर्धा देठात गेलाय. कोण जिंकलं?"

"तुला रग्बीचं पडलंय! बस इथे. धर हे. माझा हात पुरत नाही म्हणून घडी हलते, म्हणून असं होतं."

असं काही होत नव्हतं, पण तिला कुणावर तरी ओरडायचं होतं. नूरोआ समोर मांडी घालून बसला आणि चौघडीची दोन टोकं धरली. पाच मिनिटांत त्याची चुळबूळ सुरू झाली.

"हे टोक टोचतंय मांडीला. जाड आहे नुसतं. तुझ्याकडचं बरं, सुटं आहे, चार पानं भुरभुरताहेत."

"तोंड बंद ठेव आणि..." अकाइती थांबली.

तिनं आपल्या गुडघ्याशी बघितलं. चार सुटी टोकं. मग नूरोआच्या गुडघ्याशी बघितलं. तिथे घडीचं बंद टोक, म्हणजे कापडाचा मध्य. नक्षीचे देठ मध्यात जुळलेले हवेत, तरच ती एकसंध राहते. तेपाएरू कापायची तेव्हा मध्य तेपाएरूच्या गुडघ्याशी असायचा आणि समोर बसलेल्या अकाइतीच्या गुडघ्याशी सुटी टोकं यायची. तिच्या डोळ्यांना घडी तशीच दिसायची सवय झाली होती. त्या सकाळीही तिनं घडी तशीच ठेवली, रोज दिसायची तशी. आणि बाई गुडघ्यापासून देठ काढतात म्हणून आपल्या गुडघ्यापासून काढला. सुट्या टोकांपासून. हाताचा काही दोषच नव्हता. ती समोर बसून शिकली होती.

"काय झालं?" नूरोआनं विचारलं.

"काही नाही. ऊठ. आता मी तिथे बसते."

तिनं तिसरा कागद कापला. उलगडताना डोळे मिटले. मग नूरोआचाच आवाज आला, "हा एकच आहे गं. फाटका असेल, पण एकच."

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. ती उठली, बाहेर गेली, प्रवाळाच्या कड्यापर्यंत तरातरा चालत गेली आणि तशीच परत आली. नूरोआ म्हणाला, "अगं, आता तरी बस." ती बसली नाही. अडतीस वर्षं! गुडघा इकडे की तिकडे, एवढ्यासाठी!

बुधवारी हॉलमध्ये तेपाएरूच्या निरोपाचं जेवण होतं. बाहेर अळूची पानं नारळाच्या दुधात शिजत होती, आत बायका चटया अंथरत होत्या. अकाइती हिरवं कापड घेऊन आली आणि आपल्या नेहमीच्या जागेकडे न जाता तेपाएरूच्या जागेवर जाऊन बसली.

"जागा चुकली गं," तुआइने म्हणाली.

"नाही चुकली. बाई, समोर बसा. धरायला कुणीतरी हवं."

तेपाएरू खांबाला धरून, कण्हत, एकेक गुडघा वाकवत समोर बसली. ह्या बाजूनं तिनं कधी हॉल बघितला नव्हता. अकाइतीनं घडी घातली, बंद टोक आपल्या गुडघ्याशी घेतलं आणि खडूनं देठ काढायला सुरुवात केली. मान वर न करता तिनं विचारलं,

"त्या दिवशी दारातून बघितल्याबरोबर तुम्हाला कळलं होतं ना? मी टोक उलटं धरलं म्हणून?"

तेपाएरूनं हातातलं टोक सरळ केलं. मग म्हणाली, "कळलं होतं."

"मग?"

"सगळ्या हसत होत्या. म्हटलं, नंतर सांगू."

"नंतर कधी?"

"नंतर तुझा टाका बघितला. तुझ्यासारखी समोर बसणारी मला दुसरी मिळाली नसती."

तुआइनेच्या हातातला पंखा थांबला. कुणीतरी बाहेरच्या पोरांना गप्प बसायला सांगितलं. अकाइतीनं एक पान पूर्ण काढलं, दुसरं काढलं. खडू मोडला. मोडलेला तुकडा शोधून तिनं तिसरं काढलं.

"वाईट केलंत, बाई," ती म्हणाली. "पण मीही अडतीस वर्षांत एक कागद कापून बघितला नाही. रद्दी तर घरात पडली होती. तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कापावं लागलं असतं." मग एकदम जोरात म्हणाली, "धरा नीट! ढिलं धरताय."

तेपाएरूनं नीट धरलं.

कात्री चालायला लागली. चार पदर एकदम कापताना बोटं दुखतात. अकाइतीचा अंगठा लाल झाला, तरी ती थांबली नाही. मध्येच एका पानाचं टोक जास्त कापलं गेलं. "अउए!" ती पुटपुटली आणि पुढे गेली. ही पहिली वेळ, की चूक झाली आणि तिनं उसवायला सुई शोधली नाही.

उलगडायला चौघी पुढे आल्या. हिरवं कापड पांढऱ्यावर पसरलं. एकच होतं. एका बाजूची पानं जाड, दुसऱ्या बाजूची बारीक, आणि मधला देठ जरा वाकडा, वाऱ्यानं झोडपलेल्या झाडासारखा. पण एकच होतं.

तुआइनेनं चादरीभोवती एक फेरी मारली. "निरफणस म्हणे! हे तर समुद्रातलं माकूळ आहे."

"असू दे माकूळ," अकाइती म्हणाली. "खड्ड्यातून पोहत जाईन मी. तुला काय?"

हॉल हसला. तेपाएरू हसली नाही. तिनं आपली कात्री उचलली नाही, पुसली नाही, भेट म्हणून कुणाला दिली नाही. तसलं काही नाटक झालं नाही. ती फक्त म्हणाली, "मला उठवा कुणीतरी."

मग अकाइतीच्या लक्षात आलं की पुढची पंचाईत वेगळीच आहे. कापणारी आपली चादर शिवत नाही. ती शिवणाऱ्यांच्या हाती द्यायची, अशी मंडळाची रीत. जेवणं झाल्यावर दहाजणी सुया ओवून बसल्या आणि अकाइती हात मोकळे घेऊन भिंतीशी उभी राहिली. तिच्या आयुष्यातल्या पहिल्या नक्षीवर तुआइने बोटाएवढाले टाके घालत होती. अकाइती दोनदा बाहेर गेली, दोनदा आत आली.

"तुआइने, उसव ते."

"कापणारीनं कापावं. आम्हाला शिकवू नये."

"उसव म्हणते ना!"

"नाही उसवत. तुझ्या चादरीत माझाही टाका राहू दे की, भवाने!"

अकाइतीनं हात पाठीमागे घट्ट धरले आणि ती बघत राहिली.

हे झालं बुधवारचं. आता पुन्हा तू आणि मी.

गुरुवारी विमानाशी तू आलीस तेव्हा तुझं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. हॉलवर परत जायची घाई झाली होती तुला. तुआइने दुसऱ्या कोपऱ्याला लागेल म्हणून. माझ्या गळ्यात फुलांचा हार घातलास, गालाला गाल लावलास, आणि पाठ फिरवणार तेवढ्यात मी तुझा दंड धरला. म्हटलं, "माझ्यासाठीही एक काप. माझ्या खड्ड्यासाठी. कापड मी ऑकलंडहून पाठवते." आयुष्यात पहिल्यांदा तू मला उलट उत्तर दिलं नाहीस. नुसतं विचारलंस, "कुठलं पान?" मी म्हटलं, तुला वाटेल ते.

कापड मी पहिल्याच महिन्यात घेतलं. जांभळं आहे, दाट विणीचं, धुतलं तरी आटणार नाही असं. दुकानदारानं ज्या कागदात गुंडाळून दिलं, त्याच कागदात माझ्या कपाटात खालच्या फळीवर आहे. पहिल्या नाताळात सुनेचा भाऊ मांगाइआला गेला. मी म्हटलं, त्याचं सामान जास्त झालंय. पुढच्या वर्षी चर्चची वीस माणसं गेली. मी म्हटलं, गर्दीत हरवेल. पोस्ट ऑफिस आमच्या घरापासून चार मिनिटांवर आहे. तू आत्तापर्यंत नऊ कापल्यास असं तुआइने सांगते. एकीचीही नक्षी सरळ नाही, असंही सांगते. पहिल्या वर्षी तू दर फोनला विचारायचीस, "बाई, कापड निघालं का?" दुसऱ्या वर्षी दोनदा विचारलंस. ह्या वर्षी विचारलं नाहीस.

परवा तुमच्या गल्लीतली दोघं इथून परत निघाली होती. जाण्याआधी मुद्दाम घरी आली आणि म्हणाली, "बाई, अकाइतीला काही द्यायचंय का?" मी त्यांना चहा दिला. कपाट उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर अंगावर तुझी कात्री घेऊन जावं लागलं असतं.